वराडचं नाव, डब्लिनची पायरी
लिओ वराडकर यांच्या राजकीय कारकिर्दीचा आढावा

जून २०१७ मध्ये मालवण तालुक्यातलं वराड हे गाव एकाएकी जगाच्या बातम्यांत आलं. या गावचं आडनाव लावणारा ३८ वर्षांचा एक डॉक्टर आयर्लंडचा सरकारप्रमुख झाला होता. मराठी वर्तमानपत्रांनी त्याचं मूळ शोधलं, दूरचित्रवाहिन्यांचे कॅमेरे कोकणात पोचले आणि ‘आपला माणूस’ म्हणून कौतुकही झालं. मार्च २०२४ मध्ये त्याच माणसाने पद सोडण्याची घोषणा केली. पुढे संसदेची निवडणूकही लढवली नाही आणि २०२५ मध्ये त्यांचं आत्मकथन प्रसिद्ध झालं. तोवर आपल्याकडचा कौतुकाचा भर ओसरला होता. त्यामुळे आता या कारकिर्दीचा हिशेब शांतपणे मांडता येतो. वराडकर यांनी काय कमावलं, काय गमावलं आणि त्यात मराठी मुळाचा वाटा किती, हे तीन प्रश्न या लेखापुढे आहेत. हा हिशेब बुलढाणा जिल्ह्यातल्या, लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावातून मांडला, तर त्यात एक चौथा प्रश्नही येतो. तो शेवटी घेऊ.

पद नेमकं कोणतं?

आयर्लंड बेटाचे दोन भाग आहेत. २६ परगण्यांचं स्वतंत्र प्रजासत्ताक आणि उत्तरेकडचे सहा परगणे, जे ब्रिटनच्या ताब्यात राहिले. प्रजासत्ताकात राष्ट्राध्यक्ष सात वर्षांसाठी लोकांच्या थेट मतदानातून निवडला जातो, पण कारभार त्याच्या हाती नसतो. सत्ता पंतप्रधानाकडे असते आणि त्या पदाला आयरिश भाषेत ‘टीशख’ म्हणतात. १९२२ ते १९३७ या काळात मात्र सरकारप्रमुखालाच ‘कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष’ म्हणत. तेव्हाचे सरकारप्रमुख एमन डी व्हॅलेरा यांच्या पुढाकाराने १९३७ चं संविधान आलं आणि दोन्ही पदं वेगळी झाली.

हेच संविधान आपल्या घटनाकारांनी बारकाईने वाचलं होतं. राज्य धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं आणि राज्यसभेतले राष्ट्रपतिनियुक्त सदस्य या दोन्ही कल्पना तिथून आल्या. नातं त्याहून जुनंही आहे. ‘होमरूल’ हा शब्द आयरिश चळवळीतून इथे आला. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव चालू होता, त्याच आठवड्यात लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. त्या लीगच्या कार्यक्षेत्रात वऱ्हाडही होतं, म्हणजे आजचा बुलढाणा जिल्हाही आला. वराडकर पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याला आयर्लंड नव्याने सापडलं असं वाटलं. आपल्या आजोबा-पणजोबांना मात्र तो देश चांगला ठाऊक होता.

घर आणि शिक्षण

वडील अशोक वराडकर मुंबईत जन्मलेले. डॉक्टर होऊन ते १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले. स्लाव येथील रुग्णालयात त्यांची भेट मिरियम हॉवेल या आयरिश परिचारिकेशी झाली. त्या आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगारवनच्या. लग्नानंतर हे कुटुंब काही काळ भारतात राहिलं आणि १९७३ मध्ये डब्लिनला स्थिरावलं. आयर्लंड युरोपीय समुदायाचा सदस्य झाला तेच हे वर्ष. तेव्हाचा आयर्लंड गरीब होता आणि तिथली माणसंच पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर जात आली होती. बाहेरून कोणी तिथे राहायला येणं ही विरळा गोष्ट होती.

तीन भावंडांत धाकटे असलेले लिओ १८ जानेवारी १९७९ रोजी डब्लिनमध्ये जन्मले. आईच्या कॅथलिक धर्मात वाढले. ट्रिनिटी कॉलेजात आधी कायदा, मग तो सोडून वैद्यक असा प्रवास झाला. २००३ मध्ये पदवी मिळाली. प्रशिक्षणाचा काही काळ त्यांनी परळच्या केईएम रुग्णालयात काढला. डिसेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान असताना ते कुटुंबासह वराडला आले, गावाने सत्कार केला. मराठी नात्याची यादी साधारण इथे संपते. ते मराठी बोलत नाहीत आणि त्यांच्या राजकारणाचा एकही धागा कोकणातून निघत नाही.

पहिली पायरी

धागा निघतो तो डब्लिनच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतून. १९९९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, वैद्यकीचा विद्यार्थी असतानाच त्यांनी फिंगल परगणा परिषदेची निवडणूक लढवली आणि हरले. २००३ मध्ये परिषदेतली एक जागा रिकामी झाली. आयर्लंडमध्ये अशा जागेसाठी पोटनिवडणूक होत नाही. ज्या पक्षाची जागा, तो पक्ष नाव सुचवतो. फिना गेल पक्षाने वराडकर यांचं नाव दिलं. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, त्यांना पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं पडली. त्या वर्षी देशभरातल्या स्थानिक निवडणुकांत एवढी मतं दुसऱ्या कोणालाच मिळाली नव्हती.

पसंतीक्रमाची ही पद्धत आपल्याला परकी नाही. अमरावती पदवीधर मतदारसंघात बुलढाण्यातले पदवीधरही नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितात. आयर्लंडमध्ये हीच पद्धत स्थानिक परिषदेपासून संसदेपर्यंत सगळीकडे आहे आणि संसदेच्या एकेका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून जातात. त्यामुळे उमेदवाराला विरोधी पक्षाच्या मतदाराकडूनही दुसरी-तिसरी पसंती मागावी लागते. स्वतःच्याच पक्षाचा दुसरा उमेदवार शेजारी उभा असतो, त्याच्याशीही स्पर्धा असते. म्हणून दारोदार फिरण्याला पर्याय नाही. ‘परदेशी’ आडनावाचा तरुण या पद्धतीत टिकला, कारण मतदाराने त्याला पुरतं नाकारण्याऐवजी दुसऱ्या क्रमांकावर ठेवण्याची सोय होती. पहिला क्रमांक मग कामातून मिळवता येतो.

२००७ मध्ये डब्लिन पश्चिम मतदारसंघातून ते संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे ‘डॉल’मध्ये पोचले. २०१० मध्ये पक्षनेते एंडा केनी यांच्याविरुद्ध बंड झालं. वराडकर बंडखोरांच्या बाजूला होते. बंड फसलं, तरी २०११ मध्ये सत्ता आल्यावर केनी यांनी त्यांना वाहतूक, पर्यटन आणि क्रीडा खात्याचं मंत्री केलं. मग आरोग्य, मग समाजसुरक्षा. स्पष्ट बोलणं ही त्यांची ओळख झाली. पोलिसांतला गैरव्यवहार उघड करणाऱ्या दोन अधिकाऱ्यांच्या वागण्याला पोलीसप्रमुखांनी शेलका शब्द वापरला, तेव्हा मंत्री असलेल्या वराडकर यांनी उघडपणे त्या अधिकाऱ्यांचा गौरव केला. याच स्वभावाची दुसरी बाजू २०१७ मध्ये दिसली. सरकारी मदत लाटणाऱ्यांविरुद्ध त्यांच्या खात्याने मोठी जाहिरात मोहीम काढली आणि गरिबांकडे संशयाने पाहणारा मंत्री अशी टीका ओढवून घेतली. ‘सकाळी लवकर उठणाऱ्यांचा’ आपण नेता होऊ इच्छितो, असं ते नेतृत्वाच्या प्रचारात म्हणाले. तो शब्द पुढे त्यांच्या मागे लागला.

पक्षाची घटना आणि कार्यकर्त्यांची मतं

केनी पायउतार झाल्यावर पक्षाच्या नेतेपदासाठी सायमन कोव्हनी आणि वराडकर यांच्यात लढत झाली. फिना गेलच्या घटनेनुसार मतांचं वजन ठरलेलं होतं. खासदारांना ६५ टक्के, साध्या सदस्यांना २५ टक्के आणि स्थानिक लोकप्रतिनिधींना १० टक्के. साध्या सदस्यांत कोव्हनी यांना ७,०५१ आणि वराडकर यांना ३,७७२ मतं पडली, म्हणजे जवळपास दुप्पट फरकाने वराडकर हरले. खासदारांत मात्र ५१ विरुद्ध २२ असा कौल त्यांच्या बाजूने लागला आणि २ जून २०१७ रोजी ते नेते झाले. १४ जूनला पंतप्रधान झाले, तेव्हा देशाच्या इतिहासातले ते सर्वांत तरुण पंतप्रधान होते. सात वर्षांनी सायमन हॅरिस यांनी तो विक्रम मोडला.

सभागृहातल्या सहकाऱ्यांना पटलेला, पण तळातल्या कार्यकर्त्यांना तितकासा न भावलेला हा नेता होता. पुढची सात वर्षं समजून घ्यायला हे आकडे उपयोगी पडतात.

सार्वमतांची वर्षं

जानेवारी २०१५ मध्ये, आपल्या ३६ व्या वाढदिवशी, आरोग्यमंत्री वराडकर यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. चार महिन्यांनी समलिंगी विवाहावर सार्वमत झालं आणि ६२ टक्के लोकांनी होकार दिला. ज्या देशात १९९३ पर्यंत समलिंगी संबंध गुन्हा होता आणि १९९५ पर्यंत घटस्फोटाला मुभा नव्हती, तिथे हा बदल एका पिढीत झाला.

दुसऱ्या सार्वमतामागे आपल्या सीमाभागातली एक लेक आहे. बेळगावची सविता हालप्पनवार गॉलवे येथे दंतवैद्य होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, १७ व्या आठवड्यात, तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून रुग्णालयाने गर्भपात नाकारला आणि रक्तातल्या संसर्गाने २८ ऑक्टोबरला ती गेली. वय ३१. आईचा आणि गर्भाचा जीव समान मानणारी १९८३ ची आठवी घटनादुरुस्ती डॉक्टरांचे हात बांधते आहे, हे त्या मृत्यूने देशाला दाखवलं.

वराडकर या प्रश्नावर आधी कर्मठ बाजूला होते. आरोग्यमंत्री झाल्यावर त्यांनी आठवी दुरुस्ती फार जाचक असल्याचं मान्य केलं आणि पंतप्रधान म्हणून ती रद्द करण्याची बाजू मांडली. २५ मे २०१८ रोजी ६६.४ टक्के लोकांनी ती रद्द केली. सविताच्या आई-वडिलांनी बेळगावातून होकाराचं आवाहन केलं होतं. या विजयाचं श्रेय वराडकर यांना द्यावं, पण मापाने. ३५ वर्षं रस्त्यावर लढणाऱ्या आयरिश स्त्रियांनी वाट केली होती, पंतप्रधान त्या वाटेवर उशिरा आले. उशिरा येऊन त्यांनी मागे पाहिलं नाही, एवढं खरं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस डब्लिनला आले, तेव्हा चर्चच्या संस्थांत मुलांवर आणि स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांचा विषय त्यांनी पोपसमोर, जाहीर भाषणात काढला.

सीमा बंद होऊ दिली नाही

२०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचं, म्हणजे ‘ब्रेक्झिट’ करायचं ठरवलं आणि आयर्लंड बेटावरची सुमारे ५०० किलोमीटरची सीमा पुन्हा चर्चेत आली. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथले लष्करी नाके उठले होते. शेतं, रस्ते, घरं या सीमेवरून आरपार गेलेली आहेत. ब्रिटन बाहेर पडल्यावर तिथे जकात नाके आले, तर शांतता धोक्यात येईल, ही भीती खरी होती.

वराडकर आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री कोव्हनी, म्हणजे कालचे प्रतिस्पर्धी, या प्रश्नावर एकत्र राहिले. बेटावर कठोर सीमा येणार नाही याची हमी मिळेपर्यंत ब्रिटनशी करार नको, ही अट त्यांनी युरोपच्या बाकीच्या सगळ्या सदस्य देशांच्या गळी उतरवली. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडच्या विरल भागातल्या एका हॉटेलात ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याशी त्यांची भेट झाली आणि अडलेली वाटाघाट सुटली. जकात तपासणी जमिनीवर न होता आयरिश समुद्रात व्हावी, हा तोडग्याचा गाभा होता. उत्तरेतले ब्रिटननिष्ठ यावर आजही नाराज आहेत, पण जमिनीवरची सीमा उघडी राहिली. पन्नास लाख लोकवस्तीच्या देशाने जुन्या सत्ताधाऱ्याला वाटाघाटीत एवढं थोपवून धरावं, ही वराडकर यांच्या कारकिर्दीतली सर्वांत भक्कम कमाई आहे.

अडीच-अडीच वर्षं

तरी ८ फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीत मतदारांनी ब्रेक्झिटचं बक्षीस दिलं नाही. लोक घर, भाडं आणि रुग्णालयांतल्या रांगांबद्दल बोलत होते. फिना गेलला २०.९ टक्के मतं आणि ३५ जागा मिळाल्या. फियाना फॉल (३८ जागा) आणि शिन फेन (३७ जागा) हे दोन पक्ष पुढे गेले. खुद्द पंतप्रधान स्वतःच्या मतदारसंघात शिन फेनच्या उमेदवाराच्या मागे राहिले आणि पाचव्या फेरीत निवडून आले.

सरकार ठरेपर्यंत करोना आला. काळजीवाहू पंतप्रधान म्हणून वराडकर यांनी मार्चमध्ये वॉशिंग्टनहूनच शाळा बंद करण्याची घोषणा केली. वैद्यकीय नोंदणीत पुन्हा नाव घालून आठवड्यातून एक पाळी फोनवरून रुग्ण तपासण्याचं कामही केलं. या महिन्यांत त्यांची लोकप्रियता सर्वांत वर होती.

जूनमध्ये जे झालं ते महाराष्ट्राला जवळचं वाटेल. १९२२-२३ च्या यादवी युद्धापासून एकमेकांचे वैरी असलेले फिना गेल आणि फियाना फॉल हे पक्ष ग्रीन पक्षासह एकत्र आले आणि पंतप्रधानपद फिरतं ठेवायचं ठरलं. पहिला वाटा फियाना फॉलचे मिहॉल मार्टिन यांचा, दुसरा वराडकर यांचा. आपल्याकडे २०१९ मध्ये ‘अडीच-अडीच वर्षं’ या शब्दावरून जुनी युती मोडली, कारण शब्द दिला होता की नाही यावरच वाद होता. तिकडे सगळं लेखी होतं आणि तिन्ही पक्षांच्या सदस्यांनी मतदानाने मंजूर केलेलं होतं. १७ डिसेंबर २०२२ रोजी मार्टिन यांनी खुर्ची सोडली आणि वराडकर दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले. मधल्या काळात ते उपपंतप्रधान होते. याच काळात डॉक्टरांशी होऊ घातलेल्या कराराचा मसुदा त्यांनी २०१९ मध्ये एका मित्राला दिल्याचं उघड झालं. संसदेत माफी मागावी लागली. पोलीस चौकशी होऊन जुलै २०२२ मध्ये खटला न भरण्याचा निर्णय झाला.

घराच्या प्रश्नावर हार

दुसरी पाळी जेमतेम सोळा महिन्यांची ठरली. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या करामुळे तिजोरी भरलेली होती, पण डब्लिनमध्ये शिक्षक, परिचारिका, पोलीस यांना भाड्याने घर मिळेना. तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांची संख्या २०२३ अखेर १३ हजारांवर गेली. भाडेकरूंना बाहेर काढण्यावरची बंदी सरकारने मार्च २०२३ अखेर उठवली आणि रोष वाढला. पुरेशी घरं न बांधण्याची चूक एका माणसाची नव्हती, ती २००८ च्या आर्थिक कोसळणीपासून चालत आली होती. पण फिना गेल २०११ पासून सलग सत्तेत होता, त्यामुळे जबाबदारी झटकता येणार नव्हती.

या रागाला परकीयांविरुद्ध वळवणारे लोक तयारच होते. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी डब्लिनमध्ये शाळेबाहेर लहान मुलांवर चाकूहल्ला झाला आणि त्या रात्री शहरात स्थलांतरितांविरोधात दंगल, जाळपोळ झाली. स्थलांतरिताचा मुलगा देशाचा पंतप्रधान असताना हे घडलं. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले आणि भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. २०१६ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये भारतीय नागरिक सुमारे अकरा हजार होते, २०२२ मध्ये पंचेचाळीस हजारांवर. एक वराडकर शिखरावर गेला म्हणून बाकीच्यांना रस्त्यावर अभय मिळालं, असं म्हणता येत नाही.

८ मार्च २०२४ रोजी कुटुंबाची व्याख्या आणि घरातली देखभाल या विषयांवर दोन सार्वमतं झाली. सगळे मोठे पक्ष बाजूने असूनही ६७.७ आणि ७३.९ टक्के लोकांनी नकार दिला. सार्वमतांनी मोठा झालेला नेता सार्वमतातच आपटला. १२ दिवसांनी, २० मार्चला, वराडकर यांनी राजीनाम्याची घोषणा केली आणि ९ एप्रिलला हॅरिस पंतप्रधान झाले. पक्षाच्या जागांचा आलेख पाहा. २०११ मध्ये ७६, २०१६ मध्ये ५०, २०२० मध्ये ३५. घसरण त्यांच्या आधी सुरू झाली होती, त्यांना ती थांबवता आली नाही. दोनदा पंतप्रधान झाले, पण पक्षाला एकही सार्वत्रिक निवडणूक जिंकून दिली नाही.

मूळ आणि मतपेढी

बेटांच्या देशांत भारतीय वंशाचे राज्यकर्ते पुष्कळ झाले. मॉरिशस १९९२ मध्ये प्रजासत्ताक झालं तेव्हा पहिले राष्ट्राध्यक्ष वीरासामी रिंगाडू होते, तमिळ वंशाचे. सेशेल्सचे २०२० ते २०२५ पर्यंतचे राष्ट्राध्यक्ष वॅव्हेल रामकलावन यांचं मूळ बिहारच्या गोपालगंज जिल्ह्यात. मॉरिशसमध्ये मराठी समाजही आहे. गिरमिटिया म्हणून रत्नागिरीच्या बाजूने गेलेल्यांचे हे वंशज. त्यांनी भाषा, गणपती आणि १९६० मध्ये स्थापलेला मराठी मंडळी फेडरेशन हा संघ जपला आहे. तिथलं राजकारण समाजांच्या गणितावर चालतं आणि लोकसंख्येत थोडा वाटा असलेल्या मराठी समाजातून अजून राष्ट्राध्यक्ष झालेला नाही.

वराडकर यांच्या पाठीशी असं कोणतंच गणित नव्हतं. त्यांच्या मतदारसंघात मराठी मतं शोधून सापडली नसती. मॉरिशसचा मराठी माणूस भाषा सांभाळून सत्तेच्या कडेला राहिला, वराडकर भाषा न येताच सत्तेच्या मध्यावर गेले. आपलेपणाचं आणि सत्तेचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही.

हिशेब

जमेच्या बाजूला ब्रेक्झिटची वाटाघाट आहे, आठव्या दुरुस्तीचा शेवट आहे, शतकभराचं वैर मोडणारी आघाडी आहे. खर्चाच्या बाजूला न बांधलेली घरं आहेत आणि स्वतःच्या कार्यकर्त्यांशी राहिलेलं अंतर आहे. जाताना आपण या कामासाठी आता सर्वांत योग्य माणूस उरलो नाही, अशा आशयाचं बोलून ४५ व्या वर्षी खुर्ची सोडणं, हेही जमेलाच धरावं लागेल. आपल्याकडे त्या वयात ‘युवा नेता’ हे बिरूदही सुटलेलं नसतं.

मराठी मुळाचा वाटा आडनावापुरता आहे. म्हणून सुलतानपूरच्या वाचकाने या चरित्रातून वंशावळ काढण्यापेक्षा पहिली पायरी पाहावी. स्थलांतरिताचा मुलगा, वीस वर्षांचा, स्थानिक निवडणुकीत हरतो, चार वर्षांनी त्याच परिषदेत बसतो आणि त्यानंतर चौदा वर्षांनी देश चालवतो. चौथा प्रश्न हाच: आपल्याकडे ही पायरी कुठे आहे? जिल्हा परिषदेला उभं राहायला २१ वर्षं पूर्ण लागतात, तेवढं सोडा. पण मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर बुलढाण्यासह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले. या काळात एकविशी गाठलेल्या मुलामुलींना हरायचीसुद्धा संधी मिळाली नाही. तालुक्याला आमदार आहे, जिल्ह्याला खासदार आहे, पण त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या जिन्याची खालची पायरी काढून ठेवली, तर वर जाणारे फक्त आधीपासून वर असलेल्यांच्या घरचे असतात. दुसऱ्या देशात मोठं झालेलं एखादं आडनाव आपण अभिमानाने मोजतो. लोणार तालुक्यातून असं एखादं नाव पुढे यावं असं वाटत असेल, तर जिल्हा परिषदेची निवडणूक वेळच्या वेळी होण्याचा आग्रह आधी धरावा लागेल.